रविवार दुपारचे गायक

संगीताला वय नसते, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. एखाद्या ज्येष्ठ गवयाच्या पंचाहत्तरीच्या सत्कारसमारंभात हे वाक्य हटकून ऐकू येते आणि त्यावर टाळ्याही पडतात. आम्हास मात्र ते कधी पुरते पटले नाही. संगीताला वय असते. गळ्याला असते, बोटांना असते, आणि ऐकणाऱ्या कानांना तर असतेच असते. ख्यालगायकाच्या बाबतीत ही गोष्ट सहज झाकली जाते. कारण त्याच्याकडून आपण पिकलेपणाचीच अपेक्षा करतो. त्याचा आवाज थकला तरी ‘आता कुठे राग उलगडू लागला’ असे म्हणणारे रसिक भेटतात. पाश्चात्त्य रॉक संगीताची गोष्ट वेगळी. ते मुळी तारुण्याच्या धगीतूनच जन्मले. आईबापांच्या पिढीविरुद्ध आरोळी ठोकून ज्याने विशीत नाव मिळविले, तोच गायक आजोबा होऊन नातवंडांच्या वयाच्या श्रोत्यांपुढे मोकळ्या मैदानात उभा राहतो, तेव्हा काय घडते? ती मुले त्याला ऐकतात, की केवळ सहन करतात?

एका धर्मगुरूने या प्रश्नात का डोके घालावे, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे एक कारण घरातले आहे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा इंडिया’ हा दोन दिवसांचा संगीतमहोत्सव भरला होता. मूळ अमेरिकेतला हा महोत्सव २०२३ पासून मुंबईत येऊ लागला. आमच्या थोरल्या बंधूंची धाकटी कन्या, वय वर्षे तेवीस, मैत्रिणींसमवेत वसईहून लोकलने तेथे गेली. गेली होती ती जोनस ब्रदर्स या तिच्या पिढीच्या लाडक्या भावंडांसाठी. परतली ती स्टिंगची स्तुती करीत. स्टिंग तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. ‘फादरकाका, सगळ्यांत भारी तो म्हातारा होता,’ असे ती म्हणाली. तिच्या पिढीच्या तोंडी ‘भारी’ हा शब्द सर्वोच्च सन्मानाचा असतो, हे आम्ही एव्हाना शिकलो आहोत. त्याची गाणी तुला आधी ठाऊक होती का, असे आम्ही विचारले. एक सूर ठाऊक होता, पण तो त्याचा आहे हे ठाऊक नव्हते, असे तिने सांगितले.

तो सूर ‘शेप ऑफ माय हार्ट’ या १९९३ सालच्या गाण्यातल्या गिटारीचा. २०१८ साली ज्यूस वर्ल्ड या तरुण अमेरिकन रॅपरने ते गिटारवादन आपल्या ‘ल्युसिड ड्रीम्स’ या गाण्यात गुंफले आणि ते गाणे जगभर गाजले. आमच्या पुतणीच्या कानी तो सूर प्रथम पडला तो तेथे. ज्यूस वर्ल्ड डिसेंबर २०१९ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी मरण पावला. ज्याचा सूर त्याने घेतला तो वृद्ध अजून उभा राहून गातो आहे आणि घेणारा मुलगा मातीआड झाला, ही गोष्ट आम्हास काही काळ अस्वस्थ करून गेली. असो.

याच गायकाची दुसरी एक आठवणही आमच्या घरात आहे. स्टिंग मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ या तिघांच्या बँडसमवेत मुंबईस आला होता. धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’ या महिलांच्या सेवाभावी संस्थेने तो कार्यक्रम ठेवला होता. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस. परदेशातला ऐन भरातला बँड मुंबईस यावा ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट. आमचे बंधू एका कारखान्यात उमेदवारी करीत होते. तिकीट त्यांच्या खिशाबाहेरचे होते. ते झेवियर्स कॉलेजच्या बाजूला रस्त्यावर उभे राहिले, भिंतीपलीकडचे गाणे ऐकले आणि रात्रीची शेवटची गाडी पकडून घरी आले. आम्हा धाकट्यांना झोपेतून उठवून त्यांनी त्या गाण्याची जी नक्कल करून दाखविली, तिच्यापायी वडिलांची बोलणी खाल्ली. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. पुढे रंगभवनाच्या नशिबी मौन आले. शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय असल्यामुळे ते शांतता क्षेत्राच्या नियमात सापडले.

महालक्ष्मीला येण्याचा आग्रह मुलीने आपल्या वडिलांना केला होता. इतका वेळ उभे राहणे जमणार नाही, अशी सबब त्यांनी पुढे केली. खरे कारण त्यांनी आम्हास नंतर सांगितले. भिंतीपलीकडून ऐकलेला तो आवाज त्यांच्यापाशी जसाच्या तसा आहे; त्यावर दुसरा आवाज चढवावा असे त्यांना वाटत नाही.

बापलेकींच्या या दोन उत्तरांपाशी आमचे विचार पुनःपुन्हा येऊन थांबतात. जुन्या बँडचा कठोर परीक्षक तरुण नसतो. तो त्या बँडचा समवयस्क चाहता असतो. त्याच्या मनात एक तबकडी अखंड फिरत असते. गायकाने गाण्याची पट्टी उतरविली की त्याला तत्काळ कळते, आणि कळले की टोचते. तो गायकाला ऐकावयास जातो, पण त्याला हवे असते स्वतःचे विसावे वर्ष, आणि ते कोणताही गायक परत देऊ शकत नाही. तरुणापाशी ही तुलनाच नसते. त्याने या गायकाला तरुण पाहिलेलेच नाही. नातवाला आजी भेटते तीच मुळी म्हातारी म्हणून. तिच्या सुरकुत्यांबद्दल हळहळणारे तिचे धाकटे भाऊ असतात, नातू नव्हे.

अर्थात एका मुलीच्या साक्षीवर निवाडा देणे बरे नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही वांद्र्यास मुक्कामाला असताना एका धर्मगुरू मित्राच्या आग्रहावरून हिल रोडवरच्या मेहबूब स्टुडिओत ‘महिंद्रा ब्लूज’ महोत्सवास गेलो होतो. (साध्या वेशात, हे सांगणे न लगे.) हा महोत्सव तेथे २०११ पासून भरतो. बडी गाय हा १९३६ साली लुइझियानातल्या एका गरीब कुळाच्या घरात जन्मलेला कृष्णवर्णीय वादक त्या वर्षी आपल्या निरोपाच्या दौऱ्यावर आला होता. वय शहाऐंशी. त्याच महोत्सवात ‘किंगफिश’ या नावाने ओळखला जाणारा क्रिस्टोन इन्ग्रम हा चोवीस वर्षांचा वादकही होता, ज्याला पुढे आणण्यात बडी गायचाच हात आहे. आमच्या पुढ्यात उभी असलेली कॉलेजातली मुले त्या वृद्धाच्या बोटांकडे अशा नजरेने पाहत होती, की तशी नजर आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात क्वचित लाभते. तथापि सभोवार पाहिले तेव्हा निम्मी डोकी पांढरी होती. शिवाय तेथे आलेला प्रत्येक जण ब्लूजसाठीच तिकीट काढून आलेला. भाविकांच्या मेळाव्यात प्रवचन रंगले, याला पुरावा म्हणून फारशी किंमत नसते. आमच्या सेवाकार्यात ही गोष्ट लवकरच कळते.

खरी कसोटी लागते ती जेथे श्रोता त्या गायकासाठी आलेला नाही, आणि न आवडल्यास उठून जाण्यास त्याला कोणाची आडकाठी नाही, तेथे. जगातल्या अशा मैदानांपैकी सर्वांत नावाजलेले मैदान म्हणजे इंग्लंडमधील ग्लास्टनबरीचे. सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाच्या खेड्यात मायकेल ईव्हिस या दूधदुभत्याचा व्यवसाय करणाऱ्या मेथडिस्ट शेतकऱ्याने १९७० साली आपल्या ‘वर्दी फार्म’ या शेतावर पहिला मेळा भरविला. प्रवेशाचा दर एक पौंड, आणि त्यात शेतावरचे दूध फुकट. माणसे आली सुमारे दीड हजार. आज तेथे जून महिन्यात दोन लाखांच्या आसपास लोक तंबू ठोकून राहतात आणि २०२५ सालचे तिकीट ३७३ पौंड ५० पेन्स होते. दुधाचा उल्लेख आता कोणी करीत नाही. मात्र काही वर्षांनी एकदा मेळा न भरविता त्या कुरणाला विसावा देण्याची पद्धत त्यांनी राखली आहे; २०२६ हे असेच विसाव्याचे वर्ष ठरविण्यात आले. लेवीयाच्या ग्रंथात भूमीला सातव्या वर्षी शब्बाथ देण्याची जी आज्ञा आहे तिची येथे कोणास आठवण झाली, तर तो दोष आमच्या सेमिनरीतल्या शिक्षणाचा समजावा.

या मेळ्याची एक खुबी ध्यानात घेण्याजोगी आहे. बहुतेक तिकिटे गायकांची नावे जाहीर होण्याआधीच संपतात. म्हणजे मुले येतात ती कोणा एका गायकासाठी नव्हे, मेळ्यासाठी. शिवाय एकाच वेळी अनेक रंगमंचांवर गाणी चाललेली असतात. एक आवडले नाही तर चिखल तुडवीत दुसरीकडे जाता येते. अशा ठिकाणी सत्तरीच्या गायकापुढे पन्नास हजार तरुण थांबले, तर ते आदरापोटी थांबले असे म्हणता येणार नाही. विशीतला मुलगा तीन रात्रींच्या जागरणानंतर आदरापोटी उन्हात उभा राहत नाही.

रविवारी दुपारी, मेळ्याच्या शेवटच्या दिवशी, तेथे मुख्य रंगमंचावर ज्येष्ठांपैकी एकाला बोलावण्याचा रिवाज पडला आहे. वेळ मोठी विचक्षणपणे निवडलेली आहे. शनिवारची रात्र सरलेली असते, मुले थकून गवतावर पसरलेली असतात आणि त्यांच्यातली ईर्ष्या उतरलेली असते. १९९४ साली जॉनी कॅश तेथे रविवारी गायला. तो तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. ज्या कंपनीसाठी त्याने पंचवीसहून अधिक वर्षे गाणी गायिली, तिने त्याला १९८६ मध्ये वगळले होते. वाद्यांचा सारा पसारा काढून टाकून केवळ त्याचा आवाज आणि एक गिटार ध्वनिमुद्रित करण्याची कल्पना रिक रुबिन या त्याच्याहून एकतीस वर्षांनी लहान असलेल्या निर्मात्याची. रुबिनचे नाव तोवर रॅप आणि कर्कश रॉक संगीताशी जोडलेले होते. त्या वर्षीच्या वसंतात ती मुद्रिका बाहेर आली आणि उन्हाळ्यात हा काळ्या कपड्यांतला माणूस ज्यांच्या जन्माआधी त्याची कीर्ती झाली होती अशा मुलांपुढे उभा राहिला. त्याने तरुण दिसण्याचा प्रयत्न केला नाही. त्या मुद्रिकेत आणि त्यानंतरच्या मुद्रिकांत त्याचा आवाज उत्तरोत्तर खरखरीत होत गेला, आणि तो जितका खरखरीत झाला तितके तरुण त्याच्या जवळ आले. टोनी बेनेट १९९८ साली गेला, वय एकाहत्तर. त्या वर्षी पावसाने मैदानाचा नुसता राडा झाला होता. मुले गुडघाभर चिखलात, आणि हा गृहस्थ सूट-टाय घालून, एखाद्या मोठ्या हॉटेलात गावे तसा गात होता. डॉली पार्टनने २०१४ साली त्या चिखलावरच एक गाणे रचून ते गायिले. तिच्यापुढची गर्दी लाखाच्या घरात होती. तिघांच्या तीन तऱ्हा. पण कोणीही श्रोत्यांच्या वयाचे सोंग घेतले नाही.

२०२२ सालचा मेळा आम्हास विशेष बोलका वाटतो. त्या वर्षी शुक्रवारी रात्री बिली आयलिश ही वीस वर्षांची मुलगी मुख्य गायिका होती. एकट्याने हा मान मिळविणाऱ्यांत सर्वांत तरुण. शनिवारी पॉल मॅकार्टनी. आठवड्यापूर्वीच त्याला ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. या मानकऱ्यांत सर्वांत वृद्ध. मैदान तेच, श्रोतेही तेच. त्या कार्यक्रमाचे चित्रीकरण आम्ही नंतर पाहिले. त्याचा आवाज वरच्या स्वरांत फाटतो, काही ठिकाणी तो स्वराखाली राहतो, हे न कळण्याइतके आमचे कान वाईट नाहीत. सेमिनरीत आम्हास ग्रेगोरियन गायन शिकविणाऱ्या गुरुजींनी त्याबद्दल त्याला बाहेर काढले असते. पण जेथे तो स्वर सोडतो तेथे समोरची मुले तो उचलतात. गाणे पडत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातून निसटलेली वस्तू वीस वर्षांच्या माणसाने खाली पडू न देता झेलावी, असे काहीसे ते दृश्य आहे. याच कार्यक्रमात पडद्यावर दिवंगत जॉन लेननची १९६९ सालची चित्रफीत आणि यंत्राच्या साह्याने वेगळा काढलेला त्याचा आवाज यांच्यासमवेत मॅकार्टनीने एक गाणे म्हटले. ते पाहताना अनेकांचे डोळे पाणावले असतील. आम्हास तेथे थोडे अवघडल्यासारखे झाले. लेनन पडद्यावर अठ्ठावीस वर्षांचाच होता, आणि त्याचा मित्र ऐंशीचा.

जुने सारेच तरुणांना खेचून घेतात, असे मात्र मुळीच नाही. २०२५ साली शनिवारी रात्री त्याच मुख्य रंगमंचावर नील यंग होता, वय एकोणऐंशी. त्याच वेळी दुसऱ्या रंगमंचावर चार्ली एक्ससीएक्स ही तरुण गायिका गात होती, आणि तरुणांचा लोंढा तिकडे वळला. नील यंग काही कमी प्रतीचा कलावंत नव्हे. त्या मुलांना त्या रात्री नाचावयाचे होते, इतकाच त्याचा अर्थ. त्यांनी ना त्याचा अपमान केला ना परंपरेचा. त्यांना पाय होते आणि ते त्यांनी वापरले.

याहून बोधप्रद उदाहरण कॅलिफोर्नियातल्या इंडिओ गावचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेथे ‘डेझर्ट ट्रिप’ नावाचा महोत्सव झाला. बॉब डिलन, रोलिंग स्टोन्स, नील यंग, पॉल मॅकार्टनी, द हू आणि रॉजर वॉटर्स, असे साठच्या दशकापासूनचे सहा महारथी एका मैदानात. दोन आठवडे ओळीने शुक्रवार ते रविवार कार्यक्रम झाले. या दोहोंच्या मधल्याच गुरुवारी डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. उत्पन्न सुमारे सोळा कोटी डॉलर. धंदा म्हणून यश निर्विवाद. पण त्याच मैदानावर दर एप्रिलमध्ये ‘कोचेला’ या महोत्सवासाठी लोटणारी मुले येथे फारशी नव्हती. थट्टेखोरांनी त्याला ‘ओल्डचेला’ असे नाव ठेवले. म्हणजे सहा वृद्ध एकत्र आणले तर तरुण येत नाहीत, आणि त्यांपैकीच एकाला तरुणांच्या मध्ये उभे केले तर ते थांबून ऐकतात. आम्हास हे अगदी स्वाभाविक वाटते. घरात आजोबा असले तर नातवंडे त्यांच्याशी बोलतात. आजोबांना भेटावयास वृद्धाश्रमात न्यावयाचे म्हटले की त्यांना परीक्षा आठवते.

गाणी या मुलांपर्यंत पोचतात कशी, हाही एक प्रश्न आहे. आमच्या वेळी जुने गाणे ऐकावयाचे तर कोणाच्या तरी घरी त्याची तबकडी असावी लागे, किंवा रेडिओवाल्याची कृपा लागे. आता १९६५ चे आणि २०२५ चे गाणे मोबाईलच्या पडद्यावर एकाखाली एक येते. साल कोणी विचारीत नाही. केट बुश या गायिकेचे १९८५ सालचे ‘रनिंग अप दॅट हिल’ हे गाणे एका दूरचित्र मालिकेत वापरले गेले आणि २०२२ च्या जूनमध्ये, सदतीस वर्षांनी, ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्या गाण्याला पहिल्या क्रमांकावर नेणाऱ्या कितीतरी मुलांच्या लेखी ते नवे गाणे होते. यात काही हानीही आहे, हे नाकारता येणार नाही. कोणते गाणे कोणत्या दुःखातून आणि कोणत्या काळातून आले, हे त्यात पुसले जाते. पण गाणे घरात आले म्हणजे त्याचे गोत्र विचारणारे कोणीतरी पुढेमागे निघतेच. आमच्या पुतणीने विचारले, तेव्हा तिच्या वडिलांनी चव्वेचाळीस वर्षांत प्रथमच त्या भिंतीची हकीगत मुलांना सांगितली.

नव्या वादकांची एक तक्रार मात्र आम्हास खरी वाटते. जुन्या नावांवर तिकिटे खपतात म्हणून आयोजक तीच नावे पुनःपुन्हा पुढे करतात, आणि नव्यांच्या वाट्याला भरदुपारचे कोपऱ्यातले रंगमंच येतात. एल्टन जॉनने जून २०२३ मध्ये ग्लास्टनबरीत ब्रिटनमधल्या आपल्या निरोपाच्या दौऱ्याचा शेवट केला, तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता. सोबतीला त्याने आपल्या वयाचे मातब्बर बोलावले नाहीत. स्टीफन सांचेझ, रीना सावायामा, जेकब लस्क अशा मुलांना त्या रंगमंचावर आणले. सांचेझ तर विशीचाच होता. घरी बसून सत्तर लाखांहून अधिक लोक दूरचित्रवाणीवर तो कार्यक्रम पाहत होते. ज्येष्ठाने आपली जागा कशी वापरावी, याचा हा नमुना आम्हास मॅकार्टनीच्या लेनन-दर्शनापेक्षा अधिक भावला. आपल्याकडेही, १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव मधली काही वर्षे बंद राहून नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत पुन्हा भरला, तेव्हा १९७७ साली कोचीत स्थापन झालेला ‘थर्टीन एडी’ हा बँड आणि दिल्लीचा ‘ब्लडीवुड’ हा नव्या पिढीचा बँड एकाच यादीत होते. यादी अशी असावी.

लंडनमध्ये मे २०२२ पासून ‘आब्बा’ या स्वीडिश चौकडीचा एक वेगळाच प्रयोग चालू आहे. ते चौघे तेथे नसतात. त्यांची १९७९ सालच्या वयातली संगणकाने घडविलेली रूपे प्रकाशात नाचतात, आणि खरे वादक साथ करतात. लोक आनंदाने जातात, आणि त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. पण मॅकार्टनीच्या फाटक्या आवाजापुढे त्या मुलांनी जे केले, ते या रूपांपुढे कोणाला करता येणार नाही. त्या रूपांच्या हातून काही निसटतच नाही.

आमच्या धर्मग्रामातही हा प्रश्न मागील वर्षी अगदी छोट्या प्रमाणात उभा राहिला. येथे एक जुना बँड आहे. एके काळी पंचक्रोशीतले एकही लग्न त्यांच्यावाचून लागत नसे. ट्रंपेट, सॅक्सोफोन, दोन ड्रम आणि एक व्हायोलिन. आता लग्नांत डीजे आला. बँडचे सहापैकी चौघे हयात आहेत. ट्रंपेटवाल्यांना कवळी बसविल्यापासून फुंकर धरता येत नाही, म्हणून ते हल्ली ड्रम वाजवितात. नाताळाआधी युवकसंघाने शाळेच्या पटांगणावर संगीतसंध्या ठरविली, तेव्हा कार्यकारिणीने मोठ्या सद्भावाने ठराव आणला, की आरंभी सहा वाजता या चौघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा आणि त्यांनी दोन गाणी वाजवावीत. सहा वाजता पटांगणावर खुर्च्या मांडणारी मुले सोडून कोणी नसते, हे सर्वांस ठाऊक होते.

आम्ही शालीस विरोध केला. त्यांना सव्वाआठ वाजता, दोन तरुण बँडांच्या मध्ये, वीस मिनिटे द्यावीत, असे सुचविले. ‘फादर, लोक उठून जातील,’ असे संघाचा चिटणीस काकुळतीने म्हणाला. जावोत, असे आम्ही म्हटले. वाद बराच झाला. अखेर पंधरा मिनिटांवर तडजोड झाली.

आणि काही लोक खरोखरच उठले. वडापावच्या गाडीवर तेवढ्यात रांग लागली. पहिले गाणे लडखडले. ड्रम पुढे आणि सॅक्सोफोन मागे, अशी थोडा वेळ त्यांची फारकत झाली. दुसरे आमच्याकडील लग्नात नवरी घराबाहेर निघताना वाजविण्याची चाल होती. तिच्या मध्यावर गाडीवरची काही मुले हातातल्या वडापावासह परत आली आणि कडेला उभी राहिली. नाचली नाहीत, नुसती उभी राहिली. दोघीतिघी मुली आपल्या आयांना हाका मारावयास धावल्या. तिसऱ्या गाण्याला पंधरा मिनिटे केव्हाच संपली होती. चिटणीसाने घड्याळ पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि घड्याळ खिशात घातले.

वाजवून झाल्यावर ते चौघे घरी जातील असे आम्हास वाटले होते. थंडी पडली होती आणि त्यांपैकी दोघांना दम्याचा विकार आहे. ते गेले नाहीत. पुढचा बँड वाद्ये जुळवीत होता. सॅक्सोफोनवाले रंगमंचाच्या कडेला बसून त्यातल्या गिटारवाल्या मुलाला विचारीत होते, की तू मघापासून पायाने हे काय दाबतोस. मुलगा बोलून सांगू लागला, पण माईकच्या गोंगाटात त्यांना ऐकू येईना. तेव्हा त्याने खाली बसून त्यांची चप्पल काढली आणि त्यांचा पाय उचलून त्या पेडलवर ठेवला.